सायबर जागृतीसाठी सरकारी पैसा: कोणत्या खिशातून, कधी आणि कसा मागायचा

गावात किंवा शाळेत ऑनलाइन फसवणुकीबद्दल वर्ग घ्यायचं ठरलं की लोक आधी ‘सायबर सुरक्षा योजना’ शोधायला लागतात. तिथेच दोन-तीन महिने जातात. ग्रामपंचायतीच्या, पंचायत समितीच्या किंवा शाळेच्या अंदाजपत्रकात या नावाचा रकाना बहुधा नसतोच. पैसा असतो तो महिला व बालकल्याण, प्रौढ शिक्षण, आर्थिक साक्षरता, शाळा अनुदान अशा जुन्या रकान्यांत. आपलं काम त्या रकान्याच्या भाषेत मांडलं तर मंजुरी मिळते. नाहीतर अर्ज ‘योजनेत बसत नाही’ असा शेरा घेऊन परत येतो.

केंद्राच्या मोठ्या योजनांचा पैसा आपल्यापर्यंत येईल अशी आशाही ठेवू नका. केंद्रीय गृह मंत्रालयाचं भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्र २०१८ मध्ये ४१५.८६ कोटींच्या तरतुदीने मंजूर झालं. सायबर तक्रारीचं राष्ट्रीय पोर्टल आणि फोनवर तक्रार करायचा १९३० हा क्रमांक त्याच छताखाली चालतो. निर्भया निधीतून महिला व बालकांविरुद्धचे सायबर गुन्हे रोखण्याची वेगळी योजना झाली. तिचा पैसा राज्यांना न्यायवैद्यक प्रयोगशाळा, सायबर सल्लागार आणि पोलीस, सरकारी वकील, न्यायाधीश यांच्या प्रशिक्षणासाठी मिळाला. संस्थेच्या अर्जावर तो सुटत नाही. त्या पैशातून तयार झालेली माणसं मात्र आपल्या जिल्ह्यात असतात, आणि ती मागता येतात.

आधी फुकट मिळतं ते घ्या

शिबिराच्या खर्चात सर्वांत महाग बाब असते व्याख्याता, आणि नेमका तोच सरकारकडून विनामूल्य मिळू शकतो. चार ठिकाणी पत्र टाका.

पहिलं ठिकाण म्हणजे केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाचा माहिती सुरक्षा शिक्षण व जागृती प्रकल्प, ज्याला सगळे ‘आयएसईए’ म्हणतात. तो २००५ पासून टप्प्याटप्प्याने चालू आहे आणि त्याच्या जनजागृतीच्या भागाचं काम हैदराबादची सी-डॅक ही सरकारी संगणक-संशोधन संस्था पाहते. शाळा, महाविद्यालयं, सरकारी कर्मचारी, महिला आणि ज्येष्ठ नागरिक यांच्यासाठी कार्यशाळा होतात. भित्तिपत्रकं, चित्रकथा, पुस्तिका आणि ध्वनिचित्रफिती भारतीय भाषांत उतरवून घेता येतात. छापताना स्रोताचा उल्लेख ठेवा आणि मजकुरात आपल्या मनाचे बदल करू नका. मराठी मजकूर मात्र छापण्यापूर्वी एकदा वाचाच. काही ठिकाणी भाषा इतकी पुस्तकी असते की आजीबाईंना ‘संकेतशब्द’ म्हणजे काय हे सांगण्यात अर्धा तास जातो. बोलताना सरळ ‘पासवर्ड’ म्हणा.

दुसरं ठिकाण जिल्ह्याचं सायबर पोलीस ठाणं. पत्र पोलीस अधीक्षकांच्या नावे द्या, शहरात पोलीस आयुक्तांच्या, आणि किमान १५ दिवस आधी. गणेशोत्सव, निवडणूक, मोठी यात्रा या काळात तारीख ठरवू नका. अधिकारी बंदोबस्ताला जातो आणि शंभर माणसं मंडपात ताटकळतात. २ जानेवारी हा महाराष्ट्र पोलिसांचा वर्धापनदिन. त्या आठवड्यात पोलीस स्वतःहून शाळांत येतात, तेव्हा तारीख सहज मिळते.

तिसरं, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण किंवा तालुका विधी सेवा समिती. कायदेविषयक साक्षरता शिबिरं घेणं हे त्यांचं नेमून दिलेलं काम आहे, त्यामुळे वकील त्यांच्याकडून येतो. चौथं, बँकेचं वित्तीय साक्षरता केंद्र, त्याबद्दल पुढे.

दोन जणांना बोलवा. एक आला नाही तर दुसरा असतो, आणि दोघेही आले तर एक पोलिसाच्या बाजूने आणि दुसरा बँकेच्या बाजूने बोलतो. ‘पैसे गेले, आता काय करायचं’ या प्रश्नाचं पूर्ण उत्तर दोघांत मिळूनच तयार होतं.

उरलेला खर्च किती? कागदावर मांडा

व्याख्याता विनामूल्य धरला की गावातल्या शंभर माणसांच्या अर्ध्या दिवसाच्या शिबिराचा हिशेब साधारण असा बसतो. दर गावागणिक वेगळे. तुमच्या बाजारपेठेचे घाला.

- प्रोजेक्टर आणि पडदा, भाड्याने: १,५०० रुपये
- ध्वनिक्षेपक, दोन माईक: १,५०० रुपये
- चहा-नाश्ता, १०० जणांना २५ रुपयांप्रमाणे: २,५०० रुपये
- घरटी एक माहितीपत्रक, ५०० प्रती, २ रुपयांप्रमाणे: १,००० रुपये
- ६ बाय ४ फुटांचे दोन फ्लेक्स, चौरस फुटाला १५ रुपयांप्रमाणे: ७२० रुपये
- व्याख्यात्याचा प्रवास: ८०० रुपये
- हजेरीपत्रक, प्रश्नपत्रिका, झेरॉक्स: २८० रुपये

एकूण ८,३०० रुपये. वर्षात सहा वेळा, दर वेळी वेगळ्या गटासाठी घेतलं तर ४९,८००. एवढ्या लहान रकमेला ग्रामपंचायतीत कोणी फारसा विरोध करत नाही. अडतं ते तांत्रिक बाबींवर. वस्तूंचे दर तीन दरपत्रकांवरून घेतलेले असू द्या आणि ती दरपत्रकं प्रस्तावाला जोडा. सरकारी अधिकारी व्याख्याता असेल तर परस्पर मानधन देऊ नका. त्याला ते घ्यायला स्वतःच्या विभागाची परवानगी लागते. शाल-श्रीफळ आणि पुष्पगुच्छही या खर्चात घालू नका. लेखापरीक्षणात आक्षेप निघतो तो बहुतेक वेळा या दोन-तीनशे रुपयांवर.

ग्रामपंचायत: दोन खिसे, दोन वेगळे रस्ते

ग्रामपंचायतीकडे यासाठी चालणारा पैसा दोन ठिकाणी असतो.

एक म्हणजे स्वउत्पन्न, म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, बाजारकर वगैरे. यातला १० टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो. मार्च जवळ आला की ही रक्कम अखर्चित दिसायला लागते आणि घाईघाईत काहीतरी वस्तू वाटप होतं. किशोरवयीन मुली, बचत गटातल्या महिला आणि मुलांचे पालक यांच्यासाठीचं सायबर प्रशिक्षण या रकान्यात बसतं. अट एवढीच की लाभार्थी कोण हे प्रस्तावात नाव घेऊन लिहिलेलं हवं. ‘सर्व ग्रामस्थांसाठी’ असं लिहिलंत की ते महिला व बालकल्याण राहत नाही आणि पुढे वसुली निघू शकते. लहान गावात स्वउत्पन्नच इतकं कमी असतं की दहा टक्क्यांत एकच शिबिर बसेल. मग शेजारच्या दोन-तीन ग्रामपंचायतींनी खर्च वाटून घ्यावा. ठराव मात्र प्रत्येकीचा स्वतंत्र हवा.

दुसरा खिसा वित्त आयोगाचा. पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात, म्हणजे २०२५-२६ पर्यंत, निधीचे दोन भाग होते: ६० टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छता, ४० टक्के अबंधित. अबंधित भाग पगार आणि आस्थापना सोडून राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीतल्या २९ विषयांवर खर्च करता येत होता. २०२६-२७ पासून सोळाव्या आयोगाचा काळ सुरू होतो, तेव्हा टक्केवारी आणि अटींसाठी चालू परिपत्रक ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून मागून घ्या. (पद ‘ग्रामपंचायत अधिकारी’ झालं तरी गावात हाक अजून ‘ग्रामसेवक’ किंवा ‘भाऊसाहेब’ अशीच आहे.) अकराव्या अनुसूचीतले आपल्या कामाचे विषय लक्षात ठेवा: १७ शिक्षण, १९ प्रौढ व अनौपचारिक शिक्षण, २० ग्रंथालये, २५ महिला व बालविकास. प्रस्तावाच्या पहिल्याच परिच्छेदात हा क्रमांक लिहिला तर ‘हे कशात बसतं?’ या प्रश्नाचं उत्तर आधीच दिलेलं असतं.

वित्त आयोगाच्या पैशाचा रस्ता ग्रामपंचायत विकास आराखड्यातून जातो. ‘आमचं गाव, आमचा विकास’ म्हणून जो आराखडा होतो तो ग्रामसभेत मंजूर होऊन ई-ग्रामस्वराज प्रणालीवर चढतो. आराखड्यात नसलेल्या कामाचं देयक प्रणालीतून निघत नाही. सरपंचांची कितीही इच्छा असली तरी नाही. सायबर जागृतीची मागणी याच ठिकाणी सर्वांत जास्त अडकते. लोक जानेवारीत अर्ज करतात, आणि तोवर पुढच्या वर्षाचा आराखडा बऱ्याच ठिकाणी तयार झालेला असतो.

म्हणून क्रम असा ठेवा. सप्टेंबरमध्ये एका पानाचं मागणीपत्र ग्रामपंचायतीत द्या आणि आवक क्रमांक घ्या. आराखड्याची मोहीम २ ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होते. त्यातल्या ग्रामसभेला आणि त्याआधीच्या महिला सभेला जा. महिला सभेतून मागणी आली तर ग्रामसभेत तिला वजन येतं. ठरावात तीन गोष्टी शब्दशः असू द्या: कामाचं नाव, अंदाजे रक्कम, कोणासाठी. आराखडा आता नऊ विषयसंकल्पनांवर बेतलेला असतो. त्यांपैकी ‘बालस्नेही गाव’, ‘सामाजिकदृष्ट्या न्याय्य व सुरक्षित गाव’ किंवा महिलांशी संबंधित संकल्पना यांपैकी एक निवडा. तिन्ही लिहून ठेवू नका. प्रणालीत नोंद एकाच ठिकाणी करावी लागते आणि संगणक परिचालक कोणती तरी निवडून मोकळा होतो. आराखडा चढल्यावर त्याची प्रत काढून आपलं काम खरंच त्यात आहे ना ते पाहा. ठराव झाला, इतिवृत्तात आला आणि प्रणालीत मात्र राहून गेला, असं होतं.

ज्या वर्षी आराखड्याची वेळ हुकली त्या वर्षी दहा टक्क्यांचा खिसा वापरा आणि पुढच्या वर्षासाठी आराखड्यात घाला. दोन्हींतून एकाच शिबिराचा खर्च मात्र दाखवू नका. एका देयकावर दोन ठिकाणचं अनुदान हा हिशेबातला गंभीर दोष मानला जातो.

शाळेचा पैसा

जिल्हा परिषद, नगरपालिका आणि महापालिकेच्या शाळांना समग्र शिक्षा अभियानातून पटानुसार संयुक्त शाळा अनुदान मिळतं: ३० पटापर्यंत १० हजार, १०० पर्यंत २५ हजार, २५० पर्यंत ५० हजार, १,००० पर्यंत ७५ हजार, त्यावर १ लाख. आकडा मोठा वाटतो, पण यातला किमान १० टक्के भाग स्वच्छतेवर जातो आणि उरलेल्यात वीजबिल, खडू, दुरुस्ती, इंटरनेट सगळं भागवायचं असतं. या अनुदानातून शिबिराचा चहा दाखवणं धोक्याचं. शैक्षणिक साहित्य म्हणून भित्तिपत्रकं, छापील सराव प्रश्न आणि संगणक कक्षातल्या सूचनांचे फलक घेता येतात. त्यासाठी शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव आणि पुरवठादाराच्या खात्यावर थेट भरणा, एवढं पुरतं. रोखीने काही घेऊ नका.

मुलींच्या स्वसंरक्षणासाठी राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण चालतं; त्यात महिन्याला ५ हजार याप्रमाणे तीन महिन्यांचे पैसे मिळतात. प्रशिक्षकाशी बोलून त्यातला एखादा तास ऑनलाइन छळावर ठेवा: खोटं खातं, फोटोची मोडतोड, धमकी आली तर काय करायचं. यासाठी वेगळी मंजुरी लागत नाही आणि वेगळा खर्चही येत नाही. कोणी अंगावर आलं तर काय करायचं हे शिकवतो, मग मोबाइलवरच्या धमकीचं का नाही, एवढा युक्तिवाद मुख्याध्यापकांना पुरतो.

खासगी अनुदानित शाळेची गत वेगळी. तिच्याकडे हा पैसा येत नाही. तिथे सखी सावित्री समिती (मुलींच्या सुरक्षिततेसाठीची शाळेतली समिती) आणि पालक-शिक्षक संघाच्या ठरावावर पोलीस आणि विधी सेवा यांना बोलावून घ्या. छपाईचा खर्च तेवढा राहतो. महाविद्यालयांना राष्ट्रीय सेवा योजनेचा आधार आहे. सात दिवसांच्या विशेष शिबिराचा खर्च मंजूरच असतो, त्यातला एक दिवस दत्तक गावात घरोघरी फिरून मोबाइलच्या सुरक्षेवर काढता येतो. शिवाय दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी सायबर जागरूकता दिवस पाळावा अशा केंद्राच्या सूचना आहेत. प्राचार्यांच्या टेबलावर पत्र ठेवताना त्याचा संदर्भ द्या.

बँकेमार्फत: हा रस्ता फार थोडे वापरतात

ऑनलाइन गुन्ह्यांत मोठा भाग पैशाच्या फसवणुकीचा असतो, आणि आर्थिक साक्षरतेसाठी वेगळा निधी आहे: नाबार्डकडचा वित्तीय समावेशन निधी. ग्रामीण शाखांनी आणि वित्तीय साक्षरता केंद्रांनी शिबिरं घ्यावीत अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे. २०१७ च्या धोरणात ग्रामीण शाखांना महिन्याला एक शिबिर सांगितलं आणि खर्चाच्या ६० टक्के, शिबिरामागे कमाल १५ हजार, अशी मदत ठरवली होती. दर नंतर बदलत आले आहेत. चालू दर नाबार्डच्या जिल्हा विकास प्रबंधकांकडून लेखी घ्या.

यात पैसा तुमच्या हातात येत नाही. शाखा खर्च करते आणि नाबार्डकडून परत मागते. म्हणून शाखा व्यवस्थापकाला आपण काय देऊ शकतो हे सांगा: जागा, माणसं गोळा करण्याची हमी, हजेरी, फोटो. त्याला महिन्याचं शिबिर दाखवायचंच असतं, गर्दी मिळत नाही ही त्याची अडचण असते. तो टाळाटाळ करत असेल तर अग्रणी जिल्हा व्यवस्थापकांना भेटा. तालुक्यात वित्तीय साक्षरता केंद्र कुठे आहे तेही त्यांच्याकडूनच कळतं. रिझर्व्ह बँकेच्या प्रकल्पातलं असं एक केंद्र साधारण तीन तालुके सांभाळतं आणि ते बहुधा स्वयंसेवी संस्था चालवते, त्यामुळे बोलणं सोपं जातं.

एक धोका आहे. शाखेचं शिबिर पाहता पाहता विमा आणि खाती उघडण्याचा मेळावा होतो. आधीच ठरवून घ्या: पहिला दीड तास फक्त फसवणूक, खाती नंतर.

जिल्हा पातळी

पाच-पंचवीस गावांचं काम असेल तर जिल्हा परिषदेच्या सेस फंडातला, म्हणजे तिच्या स्वतःच्या उत्पन्नातला, महिला व बालकल्याणाचा १० टक्के भाग पाहा. त्या समितीच्या योजनांत किशोरी आणि महिलांच्या कायदेविषयक प्रशिक्षणाला जागा असते; सायबर प्रशिक्षण तिथे बसवा.

त्याहून मोठा खिसा म्हणजे जिल्हा नियोजन समिती, लोकांच्या तोंडी ‘डीपीसी’. तिच्या निधीतला ३ टक्के भाग महिला व बालविकासासाठी राखला जातो, आणि नावीन्यपूर्ण योजनांसाठीही वेगळी तरतूद असते. इथे संस्थांचा गैरसमज असा की पालकमंत्र्यांना निवेदन दिलं म्हणजे झालं. निवेदनावर शेरा मिळतो, पैसा मिळत नाही. प्रस्ताव कार्यान्वयन यंत्रणेकडून जावा लागतो, म्हणजे जिल्हा महिला व बालविकास अधिकारी, शिक्षणाधिकारी किंवा पोलीस अधीक्षक यांच्यापैकी कोणीतरी तो ‘आमचा’ म्हणून पाठवायला हवा. मग जिल्हा नियोजन अधिकाऱ्यांकडे छाननी, जिल्हाधिकाऱ्यांची प्रशासकीय मान्यता आणि बीम्स या राज्य सरकारच्या निधीवाटपाच्या संगणक प्रणालीवर निधी वितरण. पुढच्या वर्षाचा आराखडा हिवाळ्यात ठरतो, तेव्हा दिवाळीपूर्वी त्या अधिकाऱ्याच्या टेबलावर प्रस्ताव हवा. फेब्रुवारीत मान्यता मिळाली तर ३१ मार्चपूर्वी खर्च करायचा असतो आणि नेमक्या त्याच महिन्यांत दहावी-बारावीच्या परीक्षा असतात. शाळा मिळत नाहीत, निधी परत जातो. उशिरा मान्यता मिळण्याची शक्यता दिसली तर प्रस्तावातच शाळांऐवजी बचत गट आणि ज्येष्ठ नागरिक संघ लिहा.

संस्थेने थेट अनुदान मागताना

केंद्रीय खातं, राष्ट्रीय महिला आयोग, रिझर्व्ह बँकेचा ठेवीदार शिक्षण व जागृती निधी यांच्याकडे अर्ज करायचा तर त्यांच्या जाहिराती आणि पात्रतेच्या अटी आधी वाचा. महिला आयोगाच्या चर्चासत्रांसारख्या काही जाहिराती मुख्यतः विद्यापीठं आणि महाविद्यालयांसाठी असतात. मग महाविद्यालयाला अर्जदार करून संस्थेने सहकारी राहावं.

कागद आधीपासून तयार ठेवा: नोंदणी प्रमाणपत्र, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखालची नोंदणी, पॅन, दर्पण या स्वयंसेवी संस्थांच्या सरकारी नोंदणी पोर्टलचा क्रमांक, तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद, आणि पीएफएमएसवर, म्हणजे केंद्राच्या निधी भरण्याच्या प्रणालीवर, नोंदवलेलं बँक खातं. अर्ज बहुतेक वेळा बाद होतो तो परिशिष्ट १ वर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या विश्वस्तांच्या नोंदीवर. विश्वस्त बदललेले असतात, धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज प्रलंबित असतो, आणि अर्जावर सही करणाऱ्याचं नाव परिशिष्टात नसतं. हे दुरुस्त व्हायला महिने लागतात, म्हणून जाहिरात येण्याची वाट पाहू नका.

प्रस्तावात काय लिहायचं

चार पानं पुरे. सुरुवातीला गरज लिहा, पण ‘आजच्या डिजिटल युगात’ वगैरे नको. तालुक्यातले फसवणुकीचे गुन्हे किती, हे पोलीस ठाण्याकडून लेखी मागा; मिळाले तर लिहा, न मिळाले तर वर्तमानपत्रातला आकडा चिकटवू नका. मग गट ठरवा. शंभर माणसांना एकच भाषण हा पैसा वाया घालवण्याचा हमखास मार्ग आहे. ज्येष्ठांना ‘डिजिटल अरेस्ट’ कळायला हवी: व्हिडिओ कॉलवर अटक अशी कोणतीही तरतूद कायद्यात नाही. बचत गटांना यूपीआयचा नियम: पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. शेतकऱ्यांना आणि तरुणांना लग्नपत्रिकेच्या किंवा वीजबिलाच्या नावाने येणाऱ्या एपीके फायली, म्हणजे फोनमध्ये चोर अ‍ॅप बसवणाऱ्या फायली. महाविद्यालयीन मुलांना सर्वांत आधी हे सांगा की कमिशन घेऊन आपलं बँक खातं दुसऱ्याला वापरायला दिलं तर खातेदारच आरोपी होतो. त्यांच्या वयात फसवले जाण्याइतकाच वापरले जाण्याचा धोका आहे, आणि हा भाग बहुतेक शिबिरांत वगळला जातो.

शंभर जणांचं शिबिर असलं तरी त्याचे गट पाडा. एका गटात ४० माणसं, दीड तास, त्यातली ३० मिनिटं हातात मोबाइल घेऊन सराव: दूरसंचार खात्याच्या संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती सिम आहेत ते पाहणं, आधारचं बायोमेट्रिक लॉक करणं, व्हॉट्सअ‍ॅपला दोन टप्प्यांची पडताळणी लावणं. सरावासाठी प्रत्येक दहा माणसांमागे एक मदतनीस धरा. महाविद्यालयाची मुलं हे काम उत्तम करतात.

परिणाम कसा मोजणार, हेही लिहा. दहा प्रश्नांची एकच चिठ्ठी आधी आणि नंतर, आणि तीच महिन्याभराने वीस जणांना फोनवर. मंजूर करणारा अधिकारी हा परिच्छेद आवर्जून वाचतो, कारण त्यालाही वर अहवाल द्यायचा असतो.

‘सायबर किट’, एका वर्षाचं अँटिव्हायरस, गावाचं सुरक्षा अ‍ॅप विकणारे पुरवठादार प्रस्तावाच्या वासावर येतात. वस्तू घेतली की हिशेब सोपा होतो, म्हणून मोहही होतो. पण ओटीपी स्वतःच्या तोंडाने सांगणाऱ्या माणसाला अँटिव्हायरस वाचवत नाही.

शिबिराच्या दिवशी

हजेरीपत्रकावर नाव, वय, वाडी आणि सही एवढंच घ्या. आधार क्रमांक घेऊ नका. सायबर सुरक्षेच्या शिबिरातलीच मोबाइल क्रमांकांची यादी फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकलेली दिसते, तेव्हा हसावं की रडावं कळत नाही. देणाऱ्या खात्याने क्रमांक मागितलाच तर तो वेगळ्या कागदावर घ्या आणि कार्यालयाच्या बाहेर जाऊ देऊ नका.

१९३० हा क्रमांक शिकवायचा, पण सगळ्यांना तिथल्या तिथे लावून पाहायला सांगू नका. कोणाचे तरी खरे पैसे त्या वेळी जात असतात. त्याऐवजी क्रमांक फोनमध्ये जतन करून घ्या आणि फोन लावल्यावर काय विचारतात ते फळ्यावर लिहा: कोणत्या खात्यातून, किती रक्कम, किती वाजता, व्यवहाराचा क्रमांक. ही माहिती हाताशी असेल तर पैसे पुढच्या खात्यात थांबवण्याची शक्यता वाढते. तक्रार लगेच, पहिल्या तासाभरात करायची. बँकेलाही त्याच दिवशी कळवायचं. २०१७ च्या रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार, ग्राहकाची चूक नसलेला आणि त्रयस्थाने केलेला अनधिकृत व्यवहार कामाच्या तीन दिवसांत कळवला तर ग्राहकावर बोजा येत नाही. ओटीपी स्वतः सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, हेही त्याच दमात सांगा.

मुलांच्या वर्गात एखादी मुलगी किंवा मुलगा नंतर येऊन आपल्यावर बेतलेलं सांगतो. याची तयारी आधी करा. लैंगिक स्वरूपाचा प्रकार असेल तर पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार कळवणं बंधनकारक आहे. ‘घरच्या घरी मिटवू’ म्हणण्याचा अधिकार शिक्षकालाही नाही. १०९८ हा बालकांसाठीचा क्रमांक आहे. मुलाचं नाव अहवालात, फोटोत, गटावर कुठेही येता कामा नये. मुलांचे फोटो पाठीमागून घ्या.

हिशेब आणि पुढचं वर्ष

पहिल्या वर्षीचा हिशेब वेळेत गेला नाही तर दुसऱ्या वर्षीचा पैसा येत नाही, मग शिबिर कितीही छान झालेलं असो. शिबिर संपल्यावर सात दिवसांत फाईल बांधा: मंजुरीचं पत्र, ठरावाची प्रत, तीन दरपत्रकं, देयकं, भरणा थेट खात्यात केल्याचा पुरावा, हजेरी, दोन-तीन फोटो, आधी-नंतरच्या चिठ्ठ्यांचा तक्ता आणि एका पानाचा अहवाल. देयक संस्थेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या नावेच हवं. सरपंचांच्या किंवा सचिवांच्या नावे नको. पाच हजारांवरच्या रोख पावतीला एक रुपयाचं महसूल तिकीट लागतं. फ्लेक्सच्या बिलावर चौरस फूट आणि दर लिहून घ्या. ‘फ्लेक्स छपाई, एकूण’ असं बिल परत येतं.

केंद्राच्या अनुदानासाठी उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, सर्वसाधारण वित्तीय नियमांच्या नमुना १२-अ मध्ये द्यायचं असतं. त्याची कमाल मुदत आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिने, पण पुढचा हप्ता त्यावरच अडलेला असतो, म्हणून तेवढी वाट पाहू नका. अनुदानावर खात्यात जमा झालेलं व्याज संस्थेचं नसतं. ते परत भरावं लागतं. बहुतेक संस्था ते विसरतात, आणि तीनशे-चारशे रुपयांच्या व्याजासाठी लाखाचं प्रमाणपत्र अडकतं. म्हणून अनुदानाचं खातं वेगळं ठेवा. त्या खात्यात दुसरा एक रुपयाही येऊ दिला नाही, की व्याज किती हे पासबुकाच्या शेवटच्या पानावरच दिसतं.